जोत्यावरची जागा

खोबऱ्याच्या वड्यांची बशी कुणी पुढे केली की मला अजून मळमळतं. लोकांना वाटतं मला गोड चालत नाही. मेलं, तसं काही नाही. त्या वड्या खाऊन झाल्यावर मी एकदा जे लिहून दिलं, ते आठवतं आणि घशाशी येतं.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी एकोणीस-वीस वर्षांची, राहायला महाडात, आणि पोलादपूरच्या वाटेवरच्या एका गावात बालवाडीची बाई. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाने काही वेगळं केलं असं नाही. बालवाडी चालवायचं महाडचं एक महिला मंडळ. सकाळच्या एस.टी.ने फाट्यावर उतरायचं, नदीच्या कडेने चालत जायचं आणि देवळाच्या सभामंडपात तीन तास तीस पोरं सांभाळायची. त्यांच्या आया शेतावर, नाहीतर हायवेच्या कामावर खडी फोडायला. पोराला सोडताना म्हणायच्या, "बाई हायत, आता काळजी नाय." ते ऐकून मी अशी फुगायचे की काय सांगू!

तीस म्हटलं खरं, पण मंडपात बसायची तेवीस. उरलेली सात बाहेर, जोत्यावर. मंडपाच्या खांबांच्या पलीकडे जोत्याची कड होती, दोन हात रुंद असेल नसेल. पुढच्या बाजूला जोतं पायरीएवढं, पण नदीकडे जमीन उतरत गेलेली, तिथे माणसाच्या उंचीएवढं. ही सात पोरं बौद्धवाडीतली. पहिल्याच दिवशी मी विचारलं, ही बाहेर का? तर पोरांच्या खाऊची सुकडी शिजवायला एक बाई यायची, ती म्हणाली, "ती आपनच बसतात तिथं, बाई. सवय हाय त्यांना."

तीन-चार वर्षांच्या पोरांना सवय! आणि मी शहाणी, मान डोलावली. मंडपात तशीही दाटी होते, बाहेर वारा लागतो, असं स्वतःला सांगितलं. सुकडी वाढताना ती बाई त्यांच्या ओंजळीत वरून टाकायची, निम्मी खाली सांडायची. पोरं ती वेचून खायची. रोज बघत होते मी. शी! आता लिहिताना किळस येते, तेव्हा नाही आली.

त्या सातांत एक मुलगी होती, चार वर्षांची, सांगितलेलं सगळं ऐकणारी. नाक दाखवा म्हटलं की पहिलं बोट तिचं. आतल्या पोरांचं निम्मं लक्ष देवळाच्या घंटेकडे, ही मात्र नदीकडच्या खांबाला टेकून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. एका सकाळी मी बेडकाचं गाणं घेतलं. गाण्याच्या शेवटी म्हटलं, "चला, सगळ्यांनी मारा बेडूकउडी!" आतल्यांना उडी मारायला अख्खा मंडप होता. तिला दोन हातांची कड होती. माझी पाठ तिकडे. उड्यांच्या धपधपीत वेगळा आवाज मला कळलासुद्धा नाही. बाहेरची सहा पोरं गप्प उभी राहिली, तेव्हा मी वळले.

खाली कुंपणासाठी आणून टाकलेले दगड होते. त्यांच्यात ती पडली होती, उजवा हात अंगाखाली. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "मारली उडी."

खडीच्या ट्रकमधून तिला महाडला नेलं. तिची आई कामावरून तशीच धावत आलेली, हातापायांना धुळीचा थर. डॉक्टरांनी कोपर बघून सांगितलं, हाडाचे तुकडे झालेत, महिन्याभरात मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं तर हात सरळ होईल, नाहीतर असाच वाकडा राहील. वाडीतल्या गुरुजींनी तिच्या आईच्या वतीने मंडळाला चार ओळींचा अर्ज लिहिला. मूल बालवाडीच्या ताब्यात असताना पडलं, तेव्हा ऑपरेशनचं मंडळाने बघावं. आरडाओरडा नाही, धमकी नाही. मला वाटलं, बघतील. न बघायला काय झालं?

मंडळाची बैठक अध्यक्षबाईंच्या घरी झाली. अध्यक्षबाई म्हणजे वकिलीणबाई. वर्षातून एकदा बालवाडीत यायच्या, नाकाला रुमाल लावून उभ्या राहायच्या आणि पोरांना गोळ्या वाटून जायच्या. त्या दिवशी वड्या त्यांनीच केल्या होत्या. मुलीचं काय, हात कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. त्यांचे यजमान वकीलसाहेब झोपाळ्यावर बसून अर्ज वाचत होते. हेच गृहस्थ दरवर्षी तळ्याकाठी उभे राहून समतेवर भाषण ठोकायचे, आणि छान बोलायचे हो, टाळ्या पडायच्या.

ते म्हणाले, "मूल ताब्यात असेल तर जबाबदारी आपली, नसेल तर नाही. आता मंडळाच्या ठरावात बालवाडीची जागा काय लिहिलीय? देवळाचा सभामंडप. जोतं म्हणजे काही सभामंडप नव्हे. मूल मंडपाबाहेर होतं, म्हणजे ताब्यात नव्हतं."

सगळ्या बायकांचा जीव भांड्यात पडला. एकीने तर "बाई गं, किती सोपं होतं!" म्हणून दुसरी वडी उचलली.

मी म्हटलं, "पण ती रोज तिथेच बसते. आणि उडी मारायला मीच सांगितलं."

साहेबांनी कप खाली ठेवला. "रोज बसते असं लिहिलंत, तर का बसते हे विचारतील. अस्पृश्यतेचा कायदा ठाऊक आहे ना? पहिला खटला तुमच्यावर होईल. बसवणाऱ्या बाई तुम्ही. तेव्हा सगळं तुमच्या जबाबावर आहे. मुलगी न सांगता मंडपाबाहेर गेली, एवढंच लिहा. पोरं जातातच."

अध्यक्षबाईंनी माझ्यापुढे बशी सरकवली. म्हणाल्या, "घे गं, लाजू नकोस."

घेतली. एक खाल्ली, मग दुसरी. मग मला कागद दिला आणि मी लिहिलं, 'सदर मुलगी गाण्याच्या वेळी मला न सांगता सभामंडपाबाहेर गेली व तेथून पडली.' माझं अक्षर चांगलं होतं, त्याचंही कौतुक झालं. कुणी माझा हात धरून लिहवून घेतलं नाही, हे इथे सांगून टाकते. खटल्याला भ्यायले आणि लिहिलं. थू माझ्या जिनगानीवर.

मंडळाने अर्जाला नकार कळवला, सोबत माझ्या जबाबाची नक्कल जोडली. महिना सरून गेला, मुंबईचं ऑपरेशन झालं नाही.

त्यानंतर एका दुपारी मुलीची आई तिला घेऊन आली. बालवाडी सुटली होती, पोरं गेली होती, मी मंडपात एकटी सतरंजीची घडी घालत होते. ती पायरीखाली उभी राहिली. मुलीच्या हाताला बांधलेला पट्टा काढला होता आणि हात कोपरात वाकून तसाच राहिलेला. मला वाटलं, आता शिव्या घालील. घालाव्यात असं फार वाटत होतं.

तिने नकलेचा कागद पुढे केला. "बाई, गुरुजींनी वाचून दावला. तुमी लिवलंत, ती बाहेर गेली."

मी कागदावरचं माझं अक्षर बघितलं.

"मंग ती आत कदी आली व्हती, तेवढं सांगा."

एवढंच विचारलं तिने. आवाज चढवला नाही. मी सतरंजीची घडी घालत राहिले, घातलेली मोडून परत घातली.

मुलीला आमच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. बाई दिसल्या, म्हणजे बालवाडी भरली, एवढंच तिला कळलं. आईचा हात सोडून ती पायरी चढली. अख्खा मंडप रिकामा होता. ती कडेकडेने चालत नदीकडच्या खांबापाशी गेली, जोत्यावर आपल्या जागेवर बसली, आणि मी गाणं कधी सुरू करते म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आत ये, एवढं दोन शब्दांचंही मला तेव्हा म्हणता आलं नाही.