बदलीचं रक्त

खोकला झाला की दोष कापड कारखान्यातल्या लूमच्या धुळीला द्यायचा आणि औषध म्हणून गुळाचा खडा चघळायचा, हे आबांचं तीस वर्षांचं वैद्यक. या वेळी मी, त्यांच्या लेकीने, हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. फुप्फुसात गाठ निघाली, आणि तुकडा काढून तपासला तर कॅन्सर.

डॉक्टरांनी हिंदीत नीट समजावलं. गाठ जागच्या जागी असेल तर ऑपरेशन होईल, पसरली असेल तर उपचार वेगळे. स्कॅनमध्ये एके ठिकाणी शंका होती, म्हणून रक्तातले काही घटक तपासायचे होते. त्यावरून आजार कुठवर गेलाय याचा अंदाज बांधायला मदत होते. नुसत्या रक्तावरून ठरत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मला मात्र 'ऑपरेशन होईल' एवढंच ऐकू आलं.

आमचे एक काका आहेत. आबांच्या गावचे, इथे लिंबायतच्या वस्तीत आमच्या शेजारी राहणारे आणि कारखान्यात शेजारच्याच लूमवर उभे राहणारे. सख्खे नव्हेत, पण सख्ख्यांना लाजवतील असे. एकाला ताप आला की दुसऱ्याने बदली म्हणून त्याची पाळी भरायची, ही दोघांची जुनी रीत. रेशनच्या रांगेतही नाव एकाचं आणि उभा दुसरा.

रक्त द्यायच्या दिवशी मला ऑफिसात लवकर पोहोचायचं होतं. लॅबची चिठ्ठी काकांच्या हातात दिली आणि आबांना घेऊन जा म्हणून बजावलं. संध्याकाळी विचारलं, दिलं का रक्त? काका म्हणाले, दिलं. आबांनी भिंतीकडे कूस बदलली. मला वाटलं, दमले असतील.

रिपोर्ट मोबाइलवर आला. कॅन्सरचे सगळे घटक जिथे असायला हवेत तिथेच; बाकीच्या आकड्यांकडे मी पाहिलंच नाही. मी ऑफिसात सगळ्यांना डाळीचा वाफाळता लोचो खाऊ घातला, वर शेव भुरभुरून.

डॉक्टरांनी मात्र जुनी फाइल उघडून आकडे ताडून पाहिले. मग आबांना विचारलं, डायबिटीस कधीपासून? या रिपोर्टमध्ये साखर भलतीच वाढलेली, आणि मागच्या आठवड्यात तर ती अगदी बरोबर होती. शिवाय आधी अंगात रक्त कमी होतं, तेही एकाएकी भरून आलेलं. तेवढ्यात माझं लक्ष सोबत आलेल्या काकांच्या कोपराकडे गेलं. तिथे चिकटपट्टीचा गोल डाग होता. आबांचा हात कोरा.

माझा संताप संताप झाला. डॉक्टरांसमोरच मी दोघांना फैलावर घेतलं. जिवाशी खेळ चाललाय, की रॉकेलची रांग आहे ही?

काका मान खाली घालून ऐकत होते. शेवटी गावच्या बोलीत म्हणाले, "रातभर खोकीसन पहाटे त्याना डोया लागना व्हता. उठाडानं जिवावर उनं. आनि मले वाटनं, एक तरी रिपोर्ट त्याना चांगला येवो."

माझा राग तिथेच विरघळला. मलाही तेच हवं होतं.

आबा उठले, शर्टाची बाही वर सारली आणि म्हणाले, "ही पाळी मनी शे. मीच भरसू."

दुसरा रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. एक घटक थोडा वाढलेला निघाला. पण डॉक्टरांनी तो जुन्या स्कॅनच्या शेजारी ठेवून पाहिला, शंकेच्या जागेची आणखी एक तपासणी केली आणि सांगितलं की गाठ पसरलेली दिसत नाही, ऑपरेशन करू. त्या दिवशी मी लोचो आणला नाही. आबांच्या पायांशी बसून पोटभर रडले.

ऑपरेशन झालं. आबा घरी असताना चार महिने त्यांचे लूम काकांनीच सांभाळले, स्वतःच्या लूमसकट. काकांना डायबिटीसची गोळीही सुरू झाली, कारण ती साखर अर्थातच त्यांची होती. बदलीवर गेले आणि स्वतःचा आजार पकडून आले.

आता दर तीन महिन्यांनी दोघं एकत्रच लॅबमध्ये जातात, आबा गाठीसाठी आणि काका साखरेसाठी. परवा मीही सोबत होते. नवीन आलेल्या मुलीने सुई हातात घेऊन विचारलं, पेशंट कोण? दोघांनी एकदमच बाह्या वर केल्या.