जमीलचाचांची मोहरी कुणी खायची नाही

आमच्या सिडकोतल्या गल्लीत जमीलचाचांनी कुणाला नाही म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. शिडी मागा, देतात. पाण्याची मोटर मागा, देतात. एकानं लग्नाला म्हणून त्यांची स्कूटर नेली ती तीन महिन्यांनी आणली, तर चाचा त्यालाच म्हणाले, "चहा घेणार?"

आणि असा माणूस मी माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी निवडला!! डोकंच नाही मला.

चाचांचा घरामागे निकल पॉलिशचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि चार टाक्या. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, काहीही द्या, चकाचक करून मिळायचं. बावीस वर्षं. टाक्यांतलं उरलेलं पाणी मागच्या मोकळ्या जागेत ओतायचे. आता शेड बंद आहे, पण निकल मातीतच बसलंय. मोहरीची मुळं ते शोषून घेतात आणि पानात साठवतात, म्हणून आम्ही तिथे मोहरी पेरली. वाढली की उपटायची, पोत्यात भरून कॉलेजात द्यायची, परत पेरायची, माती साफ होईपर्यंत. प्रोजेक्टच्या मॅडमनी दमच दिलेला, एक पान कुणाच्या पोटात जाता कामा नये, शेळीच्यासुद्धा.

पण मोहरी आली कशी! कंबरेएवढी, हिरवीगार, बघून मलाच भूक लागायची. त्यात समोरच्या लंकाबाईंच्या सुनेनं देवळाली कॅम्पातल्या एका फौजीच्या बायकोकडून सरसों का साग शिकून घेतलेला.

"जमीलभाई, दोन जुड्या द्या हो," लंकाबाई पिशवी घेऊन आल्या.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण म्हणजे चाचांचंच पाणी. चाचांनी थाप मारली. "परवाच औषध फवारलंय, भाभी."

"धुऊन घेईन."

"कडू निघालीये फार."

"गूळ घालीन की."

"साप आहे आत!"

झालं. लंकाबाईंनी तासाभरात सर्पमित्र बोलावला. अख्खी गल्ली गोळा. तो पोरगा दोन तास काठीनं मोहरी हलवत फिरला, माझ्या दोन ओळी तुडवल्या, साप कसला निघतोय! शेवटी म्हणाला, "साप नाही काका. पण भाजी मस्त आहे. आईसाठी एक जुडी नेऊ?"

चाचा त्याचा हात धरून उभे राहिले, सोडेचनात. तेवढ्यात मी मागे बघितलं तर लंकाबाई! साप नाही हे कळल्याबरोबर त्यांनी भराभरा दोन जुड्या उपटल्या आणि निघाल्या घराकडे.

मी ओरडणार तेवढ्यात चाचाच पळाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, एक चप्पल वाफ्यातच राहिली. लंकाबाईंच्या दारात गाठून त्यांनी जुड्या हिसकावल्या. हिसकावल्या! जमीलचाचांनी!

"विष आहे हे," धापा टाकत म्हणाले. "बावीस वर्षं माझ्या टाक्यांचं पाणी मी इथेच ओतलं. ही मोहरी तेच वर खेचतेय. फवारणी, साप, सगळं खोटं. मला लाज वाटत होती सांगायची."

मला रडूच यायला लागलं.

लंकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आणि आमची बोअर तुमच्या जागेपासून किती फुटांवर आहे, जमीलभाई?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. माती तपासली होती मी तीनदा. बोअरचं पाणी एकदाही नाही. सुचलंच नव्हतं!!

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात लंकाबाई मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चाचा, मांडीवर बोअरच्या पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून. लॅबपर्यंत लंकाबाई त्यांना झापत होत्या. चाचा सगळं ऐकत होते, फक्त खड्डा आला की म्हणत होते, "भैया, हळू."

रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे. तोपर्यंत दोन्ही घरांत टँकरचं पाणी चालू आहे, आणि टँकर आला की लंकाबाईंचे हंडेसुद्धा चाचाच भरतात.