जैतुनबीच्या हातचा चुडा

भोगी जवळ आली की पहाटे पूजेला बसताना हातातल्या बांगड्या जरा जास्तच किणकिणतात, आणि मला जैतुनबी आठवते. देवासमोर बसून दुसऱ्या कुणाचं नाव मनात आणू नये म्हणतात. पण आणणारा तरी तोच ना, असं म्हणून मी फूल वाहते. आज तिच्याबद्दलच लिहायचं ठरवलंय.

जैतुनबी मणियारीण. आम्ही राहायचो त्या शहरातच, गुलमंडीच्या मागच्या बोळात तिचं घर. बांगड्या भरणाऱ्यांनी आसपासची गावं आपसांत वाटून घेतलेली असायची. पडेगाव मागं टाकून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमच्या सासरचं गाव, ते जैतुनबीला तिच्या सासूकडून मिळालेलं. संक्रांतीच्या आधी तिनंच यायचं, घरोघरच्या बायकांचे हात तिनंच भरायचे. दुसरी मणियारीण त्या गावात पाऊलसुद्धा टाकत नसे.

मग रझाकारांचे दिवस आले. गावच्या पाटलीणबाई लक्ष्मीबाई, त्यांचा पाठचा भाऊ त्या दिवसांत रझाकारांच्या हातून मारला गेला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत जैतुनबीचा नवरा मोहियोद्दीन चुड्यांचं गाठोडं घेऊन लांबच्या एका गावाला गेला होता, तो परत आलाच नाही. नंतर संक्रांती आल्या नि गेल्या. ना जैतुनबी गावाला गेली, ना गावानं तिला बोलावलं. बायका बाजारातून बांगड्या आणायच्या आणि एकमेकींच्या हातात कशाबशा चढवायच्या.

माझं लग्न झालं त्या हिवाळ्यात सासूबाई मला भोगी-संक्रांतीला गावी घेऊन निघाल्या. हुरडा खायचा, भोगीचं न्हाणं करायचं, संक्रांतीला देवळात सुगडांचं वाण ओवसायचं आणि परत यायचं. दाराशी गाडीवान सांडूनं बैलगाडी जुंपली, तर पलीकडं जैतुनबी उभी. अंगभर शाल, डोक्यावर गाठोडं.

"बडीबाई, मला बी घेता का गाडीत?"

सासूबाईंनी तिच्या गाठोड्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "गाव हात देईल का गं तुला, जैतुन?"

"देईल तर देईल. नाय दिला तर माघारी येईन. पन मग पुन्ना नाय जायची. गाव दुसरीला देऊन टाकीन."

"आन् पोटाचं?"

"पोटाचं अल्ला बघंल, माय. पन ते हात माझे हायेत ना."

सांडू पुढून म्हणाला, "बसा आता. बैलं थंडीनं काकडायलीत, तुमचं बोलनं सरंना."

धुकं एवढं होतं की बैलांची शिंगंच तेवढी दिसायची. मी गवतावर अंग टाकून अर्धवट झोपेत होते. गाडी हिसकली की गाठोड्यातल्या बांगड्या एकदम किणकिणायच्या आणि पुन्हा गप्प व्हायच्या. वाटायचं, लहान मुलींचा घोळका धुक्यात आमच्या मागं मागं चालत येतोय. मध्येच देवगिरीचा किल्ला दिसला. खालचा डोंगर धुक्यानं गिळलेला, वरचा माथा नुसता हवेत. मी आपोआप हात जोडले. शेजारी जैतुनबीचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी शेतात आगटी पेटली. गोवऱ्यांच्या विस्तवात ज्वारीची कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि हिरवे, गोडसर, वाफाळते दाणे तोंडात टाकायचे. धूर जमिनीला धरून निळा निळा पसरला होता. त्यात माणसं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. सासूबाईंनी हुरड्याचा वाटा जैतुनबीच्या ओंजळीत घातला. ती बांधावर बसून एकेक दाणा खात गावाकडं बघत राहिली. तिथं घरोघरच्या चुलींचे धूर वर चढत होते.

भोगीची सकाळ. घरोघर न्हाण्यासाठी पाट्यावर तीळ वाटले जात होते, तव्यावर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी पडत होत्या, वांगी-गाजर-घाट्यांच्या मिसळीच्या भाजीचा वास गल्लीभर सुटलेला. जैतुनबीनं पारावर लिंबाखाली फडकं अंथरलं आणि बांगड्यांच्या माळा मांडल्या. हिरव्या, पिवळ्या, मधे सोनेरी टिकल्यांच्या. कोवळं ऊन त्यातून फडक्यावर सांडलं. मला तर ते लिंबाखालचं इंद्रधनुष्यच वाटलं.

बायका आल्या. पण लांबच थांबल्या, पाण्याच्या घागरी कमरेवर घेऊन. त्या गावात पहिला हात पाटलीणबाईंचा. त्यांनी भरल्याशिवाय कुणी भरत नसे. आणि लक्ष्मीबाई घराबाहेर आल्या नव्हत्या.

ऊन वर आलं. माळांवरचं दव सुकलं. जैतुनबी हलली नाही. मी मनातल्या मनात देवीला म्हणाले, आई, हिचं काहीतरी बघ.

शेवटी लक्ष्मीबाईंची सून आशाबाई घागर घेऊन वाड्याच्या दाराशी गेली आणि सासूला म्हणाली, ते मला पारापर्यंत ऐकू आलं. "आत्याबाई, व्हय म्हना नायतर नाय म्हना. बाया खोळंबल्यात, डोईवरून पानी घ्यायचं राह्यलंय समद्यांचं."

लक्ष्मीबाई बाहेर आल्या. उंच बाई, पण खांदे उतरलेले. नाही म्हणायलाच आल्या होत्या, चेहऱ्यावरच दिसत होतं. पाराशी येऊन म्हणाल्या, "जैतुन, ऊठ. गाठोडं बांध."

जैतुनबीनं वर बघितलं. आणि काय झालं देव जाणे, वर्षानुवर्षांची सवय, तिच्या तोंडून निघून गेलं, "हात दे माय." एवढं बोलून तिनं लक्ष्मीबाईंचा हात धरलासुद्धा. लक्ष्मीबाईंना तो हिसकावून घ्यायचा होता. पण त्या हातालाही सवय. तो आपला आपण सैल पडला.

जैतुनबी कुणाचं माप घेत नसे. गावातला हरेक हात तिला पाठ. लक्ष्मीबाईंच्या मापाची माळ तिनं घरूनच वेगळी बांधून आणली होती. तिनं बोटं दाबून बांगडी चढवायला घेतली, तर दाबावं लागलंच नाही. बांगडी सरसर गेली, आणि सोडल्यावर तशीच उतरून जैतुनबीच्या मांडीवर पडली.

फुटली नाही. पण सगळ्या बायकांनी श्वास रोखला.

"चुकलं गं माझं," जैतुनबी पुटपुटली. "हात लई उतरला तुझा, माय. लईच उतरला." तिनं ते मनगट दोन्ही हातांत धरून ठेवलं. तेवढ्यात तिची शाल घसरली. लक्ष्मीबाईंची नजर खाली गेली.

"तुझे हात मोकळे कशानं गं?"

"मोहियोद्दीन गेला की."

"कवा?"

"तवाच."

लिंबावर पोपटांचा कलकलाट चालला होता. मग लक्ष्मीबाई खाली बसल्या, पारावरच, फडक्याला गुडघा लावून.

"घाल."

"मापाच्या नायत माय. येवढ्या बारक्या मी आनल्याच नाय."

"ढिल्या तर ढिल्या. घाल म्हनते ना. मापाच्या पुढल्या भोगीला आन." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आन् आल्यावर आधी वाड्यावर ये. अशी पारावर नगं बसू, लोकाच्या बाईवानी."

जैतुनबीनं मान हलवली आणि एकेक बांगडी चढवत गेली. शेवटची एक वरून, फुकटची, सौभाग्याची, तीही चढवली.

चुडा भरला की भरणारीला वाकून नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. लक्ष्मीबाई वाकल्या. ढिल्या बांगड्या खळकन मनगटावरून पंज्यापर्यंत घरंगळल्या. जैतुनबीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो उचललाच नाही.

मागं आशाबाईनं घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "आता माझा घे की गं जैतुनबी. भाकरी करपायली तिकडं."