साहेबांनी खाल्लेली कोंबडी

करी रोडला तंदुरीचा वास आला की मला परळचा तो मांडव आठवतो. बर्ड फ्लूची भीती घालवायला सरकारी साहेब लोकांसमोर कोंबडी खात होते. गावी पोल्ट्री असलेल्या माझ्या मामाने त्याच्या मेलेल्या कोंबड्यांच्या भरपाईचं विचारलं. साहेब तंगडी चोखतच म्हणाले, "आम्ही मारलेल्यांचीच मिळते. तुमच्या आम्ही यायच्या आधीच रोगाने मेल्या."

"मग तुमी येयपर्यंत जित्या रवा, असा कोंबड्यांका सांगूक होया होता?"

साहेबांनी हसत ताट पुढे केलं. "खा हो, फुकट आहे."

मामाने ते बाहेरच्या कुत्र्यापुढे ठेवलं. कुत्रा आमच्या मागे पुलापर्यंत आला. तेव्हा मला नासाडी वाटली होती. आता वाटतं, खाल्ल्या अन्नाला जागणारा तिथे तो एकटाच होता.