टॅब लागतोय का न्हाय, येवढंच सांगा

"मॅडम, टॅब लागतोय का न्हाय, येवढंच सांगा. लागत असंल तर आजच घेऊन जातो."

स्टाफरूममध्ये माझ्या टेबलासमोर उभे राहून रुबिनाचे वडील विचारत होते. त्यांचं जयसिंगपूरला शिलाईचं दुकान. रुबिना इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, माझ्या वर्गात. मी मेकॅनिक्स शिकवते. युनिट टेस्टमध्ये पोरगी माझ्याच विषयात नापास झाली होती, आणि टॅब नाही म्हणून मागं पडते असं तिचं म्हणणं होतं. ती वडिलांच्या मागं खाली मान घालून उभी.

"बसा की भाऊ आधी."

"बसतो. पर दोन्ही न्हाय जमायचं. फुडल्या वर्षी लॅपटॉप लागतोय म्हंत्यात. आता टॅब घेतला की लॅपटॉप ऱ्हायला. एकच काय ते सांगा."

हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. माझं उत्तर तोंडपाठ. मशीनच्या पार्टची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायचं जे सॉफ्टवेअर असतं, कॅड, ते टॅबवर धड चालत नाही. कोडिंगचं तेच. त्याला लॅपटॉपच पाहिजे, सेकंडहँड असला तरी भागतं. टॅब आपला वाचायला आणि पेननं लिहायला बरा.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझी जीभ! "टॅब म्हणजे हौस हो. आमच्या वेळी होते का टॅब? झालोच ना इंजिनिअर? अभ्यास करायचा नसला की पोरांना सतरा कारणं सुचतात."

वडिलांनी पोरीकडं बघितलं. "ऐकलंस?"

तिचे डोळे भरले. तरी ती बोललीच. "मॅडम, मग तुमच्या तासाला वहीत काय लिहू?"

"म्हणजे?"

"तुम्हीच म्हणताय न्हवं, लिहीत बसू नका, पीडीएफ येईल ग्रुपवर."

म्हणत होते खरी. कित्येक दिवसांत मी फळ्याला हात लावला नव्हता. माझ्याकडं टॅब आहे. त्यावर लिहायचं, ते प्रोजेक्टरवर दिसतं, पुढचं पान सरकवायचं. कुणी उतरवून घ्यायला लागलं की मी ओरडायची. पोर्शन सगळ्यांत आधी माझा संपायचा, आणि त्याची मला काय मिजास होती!

"मोबाईलवर बघायचं मग," मी म्हटलं. "आण इकडं, दाखवते कसं ते."

तिचा मोबाईल बारका, जुना. मी भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित उघडलं. यात फ्री बॉडी डायग्राम काढतात, म्हणजे शिडी एकटीच काढायची आणि तिच्यावर कुठून कुठून जोर येतो ते बाणांनी दाखवायचं. बाण मोठे केले की गणित स्क्रीनच्या बाहेर. गणित वाचायला गेलं की बाणांच्या मुंग्या. शेजारच्या टेबलावरचे सर चहा पीत बघायला लागले. मी हट्टानं कागदावर सोडवलं आणि उत्तराखाली झोकात दोन रेघा मारल्या.

"चुकलं, मॅडम," रुबिना हळूच म्हणाली. "कोन जमिनीशी हाय. तुम्ही भिंतीशी धरलाय. मोबाईलवर कळतच न्हाय. तसंच पाठ केलतं, टेस्टमधी माझं बी हेच झालतं."

गणित माझं, अक्षर माझं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या सरांनी तोंड कपात घातलं.

वडिलांना काहीच कळलं नव्हतं. "मग घ्यावा काय टॅब?"

"नको," मी म्हटलं. "लॅपटॉपच घ्या. पोरीचं काही चुकलेलं नाही, भाऊ. माझं चुकलंय. तिला फळा पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून खडू घेतला. टॅबवाली पोरं कुरकुरली. पोर्शन मागं पडला. मीटिंगमध्ये एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी विचारलं, "मॅडम, यंदा तुम्ही मागं?" मी म्हटलं, "व्हय."

सेमिस्टरच्या परीक्षेला रुबिना चांगली पास झाली. तिचे वडील पुन्हा आले, हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी.

"तुम्ही होता म्हणून लॅपटॉपचं जमलं, मॅडम. हे घ्या."

सुटाच्या कापडाचं कव्हर होतं. आत अस्तर, पेनाला वेगळा कप्पा.

"टॅब घ्यायचाच म्हणून आधीच शिवून ठेवलतं. माप पोरीनं तुमच्याच टॅबवरनं आणलं, वर्गात लांबनं बघून. आता आमास्नी काय उपेग?"

त्यांच्यासमोर टॅब आत सरकवला. चपखल बसला. ते खूश झाले. मला त्यांच्याकडं मान वर करून बघवेना.

पोराला टॅब घ्यावा का, असं पालक अजून विचारतात. मी आधी विचारते, शिकवणारा फळ्यावर लिहितो का? नसेल लिहीत, तर दुकानात जायच्या आधी त्याला गाठा.

त्या दिवशी भाऊ गेल्यावर टॅब कव्हरातून काढून ठेवला. पुन्हा घातला नाही. लाज वाटते. कव्हर मात्र रोज वर्गात नेते. पेनाच्या कप्प्यात दोन खडू बसतात.