गालाला लावून पाहिलेला कापूस

मोटारीच्या रंगावर चरे कशानं पडतात असं विचारलं की लोक बाभळीचा काटा, खडा, पोरांच्या हातातला खिळा असली नावं घेतात. तसले चरे मोजके असतात आणि लांबूनच दिसतात. बारीक चरे, जे फक्त तिरप्या उन्हात उमटतात, ते पाडतो पुसणारा. मोटारीवर ज्याचा फार जीव असतो, तोच पाडतो. हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगतो आहे.

निजामाच्या राज्यातली शेवटची सहा-सात वर्षं मी नळदुर्गात एका वकीलसाहेबांची मोटार चालवत होतो. काळीकुळकुळीत मोटार. गावात मोटारी बोटावर मोजण्याएवढ्या, त्यामुळं माझ्या नाकावर माशी बसत नसे. लढाईच्या दिवसांत पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. मोटार चालायची थोडी आणि उभी राहायची फार, मग मी तिला कापसानं पुसत बसायचो. पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी वकीलसाहेब चष्मा कपाळावर चढवून बॉनेटवर वाकले आणि म्हणाले, "हे काय करून ठेवलंस?" कोळ्यानं जाळं विणावं तशा बारीक रेघा साऱ्या बॉनेटवर पसरल्या होत्या.

मी आधी करोडगिरीच्या नाक्यावरच्या शिपायांना दोष दिला. ते जकात बघताना मोटारीला काठ्या टेकवतात, असं सांगितलं. ते काही पटेना, तेव्हा कापसावर खापर फोडलं आणि तणतणत पिंजाऱ्याच्या घरी गेलो. पिंजारी नवरा-बायको दोघंच कापूस पिंजायचे. नवरा पिंजण चालवायचा आणि ती बाई पुढं बसून सरकी वेचायची. माझ्या आईच्या वयाची होती. आम्ही सगळे तिला चाची म्हणत असू.

माझी बडबड तिनं ऐकून घेतली. मग पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका उचलून स्वतःच्या गालावर हळूहळू फिरवला, मधेच थांबली आणि नखाएवढा सरकीचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"गालाला टोचलं तर मोटारीला टोचंल. तुज्या मोटारीचा कापूस आजपासनं म्या असाच बघून देत जाईन. पर तू धुळीवरनं कोरडाच फिरवितोस, व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिथून मी शहाणा झालो. आधी नुसतं पाणी ओतायचं, हात लावायचा नाही. माती आपली आपण वाहून जाऊ द्यायची. मग जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा घ्यायचा, त्याची काठ-शिवण फाडून टाकलेली. वरून खाली जायचं, आणि पुसायचं ते लांबीनं, गोल गोल कधीच नाही. सगळ्यात शेवटी चाचीचा कापूस. जे चरे आधीच पडले होते त्यांच्यासाठी मी मधमाशीचं मेण, दोन थेंब जवसाचं तेल आणि दिव्याची काजळी एकत्र करून ठेवत असे. बोटानं चोळायचं आणि कापसानं निपटायचं. त्यानं चरा जात नाही, फक्त लपतो. ऊन कडक लागलं की मेण पातळ होतं आणि चरा पुन्हा डोकं वर काढतो.

हे सगळं सामान एका लाकडी पेटीत घालून मी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवायचो. गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं की या मोटारीला हात लावायचा नाही. लावलाच, तर मी घोड्यावर बसलेल्या फौजदारासारखा ओरडायचो. लोक मोटार बघायला येत ते हात पाठीशी बांधून. चाची तर दोन हात लांब उभी राहायची आणि दुसऱ्यांनाही मागं सारायची. माझ्याइतकाच तिचाही त्या रंगावर जीव होता. माझं बोलणं तिच्याइतकं दुसऱ्या कुणी मनावर घेतलं नव्हतं, आणि तेच पुढं नडलं.

राज्य जायच्या साली पोळ्याच्या सुमाराला गाव रिकामं व्हायला लागलं. पुलाजवळ निजामाचे शिपाई येऊन बसले होते, सरहद्दीपलीकडून हिंदुस्थानची फौज येणार असं जो तो बोलत होता. वकीलसाहेबांनी सरहद्दीपार सोलापूरला नातेवाइकांकडं जायचं ठरवलं. मागच्या सीटवर ते, बाईसाहेब आणि दोघी मुली, पायाशी ट्रंका. निघताना वकीलसाहेब म्हणाले, "ती पेटी घरीच राहू दे." मी म्हणालो, "सोलापूरची धूळ इथल्यापेक्षा वाईट आहे, साहेब." माझ्याशी हुज्जत घालण्याएवढा वेळ त्यांच्याकडं नव्हता. पेटी माझ्या शेजारी बसली.

गावाबाहेरच्या वळणावर बैलगाड्यांची दाटी होती, म्हणून मोटार अगदी हळू चालली होती. तिथं चाची उभी होती. शेजारी तिची नात, सहा वर्षांची, तेल चोपडून वेणी घातलेली. चाची पेटीच्या बाजूला धावत आली आणि दोन्ही हात खिडकीतून आत घालून दाराला लटकल्यासारखी मोटारीबरोबर चालू लागली.

"पोरीला तेवढी घिऊन जा रं बाबा. हिची आई सोलापुरात गिरणीत हाय. इथं काय व्हईल सांगता येत न्हाय. मांडीवर बसंल, कुणाला तरास देनार न्हाय."

मी हे सगळं ऐकलं. मला ऐकू आलं नाही असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण त्याच वेळी मला दुसरंही ऐकू आलं. तिच्या काचेच्या बांगड्या दारावर घासत होत्या, खर्र, खर्र. त्या आवाजाला माझा कान इतकी वर्षं तयार झाला होता. तोंडातून निघालं, "चाची, हात काढा! चरे पडतील!"

आणि तिनं हात काढले. तापल्या तव्यावरून काढावेत तसे. मागं सरली, दाराकडं बघितलं, पुसायला पदर पुढं केला आणि तिथंच थांबली, कारण दारावर धूळ होती आणि धूळ कोरडी पुसायची नसते. तेवढ्यात पुढची बैलगाडी बाजूला झाली. वकीलसाहेब मागून म्हणाले, "चल, वाट मोकळी झाली." त्यांचं लक्ष रस्त्याकडं होतं. मी सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, हेही मला ठाऊक आहे. आठ दिवसांत परत येऊ, तेव्हा पोरीला नेऊ, असं काहीतरी मनाशी म्हणून मी मोटार पुढं काढली. आरशात ती पोर चाचीचा हात धरून उभी दिसली.

सोलापुरात पोहोचलो तर उन्हं उतरली होती. डाव्या दारावर चार रेघा, केसाएवढ्या बारीक. मी पेटी उघडली, मेण चोळलं, रेघा बुजल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. मी पुन्हा चोळलं. असं किती दिवस केलं, सांगता येणार नाही.

मग फौज आत गेली, राज्य संपलं. गावोगाव मुसलमानांची घरं लुटली गेल्याच्या बातम्या कानावर येऊ लागल्या. महिन्याभरानं मी एकटाच नळदुर्गाला जाऊन आलो. पिंजाऱ्याचं दार सताड उघडं होतं. आत पिंजण नव्हतं, माणूसही नव्हतं. कुणी म्हणालं हैदराबादकडं गेले, कुणी म्हणालं गुलबर्ग्याकडं. एकानं दुसरीकडंच तोंड फिरवलं. त्याला खोदून विचारायचं धाडस मला झालं नाही. मला भीती वाटली, एवढंच खरं.

परत आलो त्याच आठवड्यात सोलापूरच्या त्या घराशी एक बाई आली. अंगावर गिरणीचा कापूस चिकटलेला. तोंडावळा चाचीचा.

"वकीलसायबाची मोटार हीच न्हवं?" ती म्हणाली. "अम्मीचा सांगावा आला हुता, पोरीला ह्याच मोटारीतनं धाडते म्हणून. ह्ये घर हुडकाय म्हैना गेला."

'जागा नव्हती' हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. महिनाभर मी तेच घोकत होतो. पण ती मोटारीपासून दोन हात लांब, हात पाठीशी बांधून उभी होती, आणि ते बघून मला खोटं बोलवेना.

"जागा होती," मी म्हणालो. "तिथं माझी पेटी होती."

मग सगळं सांगितलं. ती रडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती वाकून दाराकडं बघत राहिली. दुपारचं ऊन होतं, मेण पातळ झालं होतं.

"ह्या अम्मीच्या बांगड्यांच्या का?"

"व्हय." आणि मग मी म्हणालो, "हात लावा, बाई. काही होत नाही."

तिनं हात पाठीशीच ठेवले.