मडक्यातले दोन उंदीर

सुधाताई गेली तेव्हा मी कोलाडला आमच्या बांधावर गवत काढत होते. रोह्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, आई गेली गो..." मी "बरं" म्हणाले. असं कोण म्हणतं? महिना होऊन गेला, तरी माझं डोकं ठिकाणावर नाही.

ताई माझी चुलत बहीण, रोह्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिला वेड शेतातल्या उंदरांचं, त्यातही त्यांच्या गुणसूत्रांचं. थंड देशांत आखूड शेपटीचे शेतउंदीर असतात म्हणे, दिसायला सख्खी भावंडं, पण एकाची गुणसूत्रं दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. "दोन तुकडे चिकटून एक झाला की आकडा घटतो गो," ती दोन बोटं जुळवून सांगायची, "आपल्या बांधांवर पण तसं असंल. मोजायला नको?" मला त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं.

वडखळजवळ खारपाटात, खाडीकाठच्या खारट भातजमिनीत, माझं माहेर. एकदा तिनं तिथले सहा उंदीर मागितले. भात झोडून झालं की उंदरांनी लपवलेल्या लोंब्यांसाठी आम्ही बिळं खणतोच. सहा धरले, मडक्यात घालून वर फडकं बांधलं. कोलाडला घरी येईपर्यंत दोघांनी फडकं कुरतडून पोबारा केला. आता सहा कबूल करून चार द्यायचे? आमच्यात तशी रीत नाही. मी आमच्याच बांधावरचे दोन भरतीला घातले आणि मडकं रोह्याला पोचतं केलं.

मोजणी झाली आणि ताई नाचायची तेवढी बाकी राहिली. खारपाटात एकाच बांधावर दोन वेगळे आकडे! मला भरतीचे ते दोन आठवले. पुढे दर सुगीला ती स्वतः तिथं खणायला जायची आणि तो दुसरा आकडा काही सापडायचा नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. मग एका वर्षी तिनं जाणंच थांबवलं, का ते बोलली नाही.

शेवटच्या आजारात भेटले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "मालू, ते सहाच्या सहा खारपाटातलेच ना गो?"

"व्हय ताई."

ती हसली. मला वाटलं, समाधानानं.

परवा भाचीनं तिची वही दिली. त्या सहा उंदरांच्या नोंदीशेजारी वेगळ्या शाईत लिहिलं होतं, 'कोलाडचे मोजले. दुसरा आकडा तिथलाच. मालूला विचारायचं नाही, लाजेल.' खालची तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची.

म्हणजे तिला ठाऊक होतं. मग शेवटी विचारलंस कशाला गो? मला मोकळं करायला? आणि मी खोटं बोलले, तर हसलीस का?... काही कळत नाही. त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं लिहिलंय, 'दोन आमचे होते, ताई.'